दिवस बुडाल्यावर डोंग्याचा फोटो

भाचा दिवाळीत आला होता. मोबाइलवर कुठल्याशा बंदरातला फोटो दाखवत म्हणाला, "मामा, हे पाय नं, केवढं जुनं जहाज! निळं आभाळ, पाण्यात दिवे. आपल्याकडं असं काहीच नाही." मी त्याला तसाच उठवला आणि घाटावर नेला. तिथं बाभळीच्या मुळीला डोंगा बांधलेला होता.

डोंगा म्हणजे एकाच खोडातून कोरून काढलेली नाव. फळ्या नाहीत, सांधे नाहीत. काठावरून हात फिरवला तर वाकसाचे, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराचे, घाव अजून बोटाला लागतात, माशाच्या खवल्यांसारखे एकापुढे एक. या डोंग्याच्या मधोमध एक चीर गेलेली, तिच्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकलेला आणि वरून डांबर फासलेलं. तळाशी चार बोटं पाणी, ते उपसायला अर्धा कापलेला प्लास्टिकचा डबा. वैनगंगेवर आणि झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, तलावांवर ढीवर (मासेमार) मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या असेच डोंगे चालवले. आता तेवढ्या घेराचं झाड मिळत नाही, मिळालं तर तोडता येत नाही. म्हणून पत्र्याच्या आणि फायबरच्या नावा आल्या, आणि जुने डोंगे एकेक करून काठावर पालथे पडत चालले. समुद्रावर तरी काय वेगळं झालं? जुनी विमानवाहू नौका 'विक्रांत' १९९७ मध्ये नौदलातून निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ मध्ये भंगारात निघाली.

तर आमचं ऐतिहासिक जहाज हे असं आहे. त्याचा सांजवेळचा फोटो कसा काढायचा, ते मी जसं शिकलो तसं सांगतो. एक गोष्ट सुरुवातीलाच: आभाळाचा रंग कोणालाही मिळतो, त्यासाठी डोंग्याची गरज नाही. फोटोत डोंग्याचं वय दिसलं पाहिजे. पुढचं सगळं त्यासाठी.

वेळ

पहिली दोन वर्षं मी सूर्य बुडाला की कॅमेरा बॅगेत टाकून निघायचो. एका नोव्हेंबरात असाच घाईघाईनं शेवटची गाडी पकडली. खिडकीतून मागं पाहिलं तर नदी आधी गुलाबी, मग जांभळी, मग निळीशार. गाडी काही थांबवता येईना. त्या दिवसापासून गाडीची वेळ पाहून घाटावर जाणं सोडलं, सायकलनं जातो.

भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेली सूर्यास्ताची वेळ बहुधा मुंबईची असते. आपण मुंबईच्या पूर्वेला जवळपास सात रेखांश आहोत आणि एका रेखांशाला चार मिनिटं पडतात. म्हणजे पवनी-ब्रह्मपुरीकडे सूर्य साधारण २५ ते ३० मिनिटं आधी बुडतो. नोव्हेंबरच्या शेवटी साडेपाचच्या आसपास, जूनच्या शेवटी सातच्या जरा अलीकडे. मोबाइलवर गावाचं नाव टाकून वेळ पाहा, किंवा आदल्या दिवशी घाटावर जाऊन घड्याळ लावा. मला दुसरा उपाय जास्त पटतो, कारण पलीकडच्या झाडोऱ्यामागे सूर्य खऱ्या वेळेच्या आधीच दिसेनासा होतो, ते तिथं गेल्यावरच कळतं.

सूर्य बुडाल्यापासून तो क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंत आपल्याकडे २२ ते २४ मिनिटं लागतात. विषुववृत्ताच्या जितकं जवळ, तितका सूर्य सरळ खाली उतरतो. युरोपातल्या बंदरांचे फोटो काढणाऱ्यांना तास-तासभर संधिप्रकाश मिळतो, तेवढी चैन आपल्याला नाही. माझ्या अनुभवात सूर्यास्तानंतरच्या दहाव्या मिनिटापासून बाविसाव्या मिनिटापर्यंतचा वेळ सगळ्यात कामाचा. त्याआधी आभाळ फार उजळ आणि डोंगा काळा, त्यानंतर दोन्ही काळे. या बारा मिनिटांत जागा शोधत बसलात तर गेला दिवस. म्हणून सूर्यास्ताच्या निदान पाऊण तास आधी पोचा.

ऋतूंचं म्हणाल तर कोजागिरीपासून महाशिवरात्रीपर्यंत. पावसाळ्यात पाणी गढूळ आणि बरेच डोंगे काठावर चढवलेले. मात्र सप्टेंबरात पाऊस उघडला आणि वर विरळ ढग राहिले की जे रंग पेटतात, ते हिवाळ्यात नाहीत. एप्रिल-मेमध्ये हवेत धूळ आणि रानातल्या वणव्यांचा धूर. सूर्य लालभडक दिसतो, पण निळा रंग चढतच नाही, सगळं राखाडी.

कोणता काठ

समजा तुमचा घाट नदीच्या पश्चिम काठावर आहे, म्हणजे नदी पूर्वेला आणि सूर्य पाठीमागे गावावर बुडतो. लोक म्हणतात, मग फोटो काय निघणार? उलट, वय दाखवायचं तर हाच काठ बरा. पश्चिमेच्या आभाळाचा मऊ उजेड डोंग्याच्या अंगावर पडतो, पत्र्याचं ठिगळ, डांबर, लाकडाच्या चिरा सगळं वाचता येतं. आणि समोर, पूर्वेच्या क्षितिजावर, सूर्य बुडाल्याबरोबर एक निळसर करडा पट्टा वर चढू लागतो, त्याच्यावर गुलाबी पट्टा. तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली. आभाळ निरभ्र असेल तर दहा-पंधरा मिनिटं स्पष्ट दिसते. डोंग्यामागे ती ठेवून पाहा.

पूर्व काठावरून उलटा हिशोब. उजेड समोरून येतो, डोंग्याची फक्त आकृती उरते. गडचिरोली जिल्ह्यातलं मार्कंडा असं आहे. देवळांचा समूह वैनगंगेच्या पूर्व काठाला, नदीपलीकडे चंद्रपूर जिल्हा आणि तिकडेच सूर्य बुडतो. तिथं नावेची आणि शिखराची काळी आकृती फार सुंदर मिळते, पण लाकूड दिसत नाही. देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. आवारात ट्रायपॉड उभा करायचा असेल तर आधी चौकीदाराला विचारा. नागपूर-भंडाऱ्याच्या सीमेवरच्या आंभोऱ्याला पाच नद्यांचा संगम, चैतन्येश्वराचं देऊळ आणि आता वर मोठा केबलचा पूल. जागा सुरेख आहे, पण तिथं पूल फोटो खाऊन टाकतो. नाव त्याच्यापुढे मुंगीएवढी.

नदीपेक्षा मला मालगुजारी तलाव सोपे वाटतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं बांधलेले हे तलाव हजारोंनी आहेत. पाणी स्थिर, पाळीवर उंच उभं राहता येतं, आणि कोणत्याही बाजूनं फिरून उजेडाची दिशा निवडता येते. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पश्चिमेच्या बाजूला उभे राहा. त्या दिवशी चंद्र सूर्यास्ताच्या पाऊण-एक तास आधीच उगवलेला असतो, म्हणजे आभाळात अजून उजेड आणि चंद्रावरचे डागही दिसतात. पौर्णिमेलाच गेलात तर चंद्र वर येईस्तोवर खाली अंधार पडत आलेला असतो आणि फोटोत चंद्राच्या जागी पांढरा ठिपका उरतो.

आधी माणसं

सांजेला मासेमार जाळं टाकायला निघतात, पहाटे उचलतात. म्हणजे तुमच्या कामाची वेळ तीच त्यांच्या कामाची. डोंगा कोणाचा आहे ते विचारा, राम राम करा, मग कॅमेरा काढा. पहिल्यांदा मी न विचारता डोंग्यात पाय ठेवला आणि वरून आवाज आला, "काऊन जी, डोंगा पालटवतं का?" बरोबरच होतं. डोंग्याचा तळ गोल असतो, सवय नसलेल्या माणसाचं वजन एका बाजूला गेलं की पालथा. आता मी काठावरूनच काढतो. त्याच काकांनी पुढे मला सांगितलं, की उन्हात लाकूड तडकू नये म्हणून काम नसलं की डोंगा पाण्यात बुडवून ठेवायचा. अर्धा बुडालेला डोंगा मी तोवर मोडका समजत होतो. त्याचे पुढे मी सगळ्यात जास्त फोटो काढले: पाण्याबाहेर फक्त दोन टोकं, आणि मधे आभाळ भरलेलं.

ट्रायपॉड रेतीत रुततो

बारा मिनिटांतला बराच वेळ हात धरून फोटो निघत नाही, टेकू हवाच. हलक्या ट्रायपॉडनं चालतं, पण काठाच्या ओल्या रेतीत त्याचे पाय हळूहळू खाली जातात आणि क्षितिज तिरपं होतं, तेही तुमच्या नकळत. तिन्ही पाय आधीच जोर लावून रेतीत दाबा, किंवा प्रत्येकाखाली चपटा दगड ठेवा. मधली दांडी वर काढू नका. मधल्या दांडीखालच्या हुकाला पिशवी टांगा, पण ती वाऱ्यानं झुलायला नको, तळाशी जमिनीला टेकलेली असू द्या. कॅमेऱ्याचं किंवा लेन्सचं हलणं रोखणारं बटण ट्रायपॉडवर बंद करा. जुन्या लेन्समध्ये ते चालू राहिलं तर स्थिर कॅमेऱ्यातही फोटो किंचित फाटतो. मी सहा महिने लेन्सला दोष देत होतो. फोटो बोटानं न दाबता दोन सेकंदांच्या टायमरवर घ्या.

ट्रायपॉड नसेल तर चणे-मुरमुऱ्याची नाही, तांदळाची अर्धी भरलेली कापडी थैली. पाळीच्या दगडावर ठेवा, तिच्यात कॅमेरा बसवा. मोबाइलसाठी तर ही थैली ट्रायपॉडपेक्षा बरी.

डोंगा हलतो

इथं खरी अडचण आहे, म्हणून जरा थांबतो. कॅमेरा स्थिर केला तरी डोंगा पाण्यावर तरंगतोय. वारा पडलेला वाटला तरी त्याचं टोक इंच-दोन इंच इकडे-तिकडे होतच असतं. घाट कडक, झाडं कडक आणि ज्याच्यासाठी आलात तो डोंगाच पुसट, असे माझे शेकडो फोटो आहेत.

आकडे असे धरा. आयएसओ म्हणजे कॅमेऱ्यानं उजेड किती जोरात पकडायचा ते, एफ म्हणजे लेन्सचं तोंड, आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं. सूर्य बुडताना आयएसओ १०० आणि एफ ८ वर साधारण १/६० सेकंद लागतो. दहा मिनिटांनी तेच १/८ पर्यंत येतं. वीस मिनिटांनी दोन सेकंदांवर किंवा त्याहून जास्त. ढग, धूर, झाडी यांनी हे बदलतं, पण उतार असाच. दोन सेकंदांत तरंगता डोंगा कधीच स्थिर येणार नाही. तो थांबवायला निदान १/३० सेकंद हवा. दोन सेकंदांपासून १/३० म्हणजे उजेड सहा वेळा निम्मा केला. हे सहा टप्पे कुठून तरी भरून काढायचे. एफ ८ वरून एफ २.८ वर आलात तर तीन मिळतात, आयएसओ १०० वरून ८०० केलात तर उरलेले तीन. हिशोब मिटला. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या साध्या किट लेन्सचं तोंड एफ २.८ पर्यंत उघडत नाही. मग ती उघडेल तितकी उघडा, एफ ४ असेल तर आयएसओ १६०० लागेल. फोटोत थोडी रवाळी येईल, येऊ द्या. रवाळी असलेला कडक डोंगा, गुळगुळीत पण पुसट डोंग्यापेक्षा केव्हाही बरा.

एफ २.८ वर मागचं सगळं स्पष्ट येणार नाही. म्हणून फोकस डोंग्याच्या जवळच्या टोकावर, जिथं लाकूड जास्त बोलतं तिथं. अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहतो. उजेड असतानाच फोकस पक्का करून तो हाताच्या फोकसवर टाका आणि पुन्हा रिंगला हात लावू नका.

दुसरा मार्ग: जो डोंगा हलतच नाही तो निवडा. काठावर अर्धा ओढलेला, रेतीत रुतलेला, किंवा तो बुडवून ठेवलेला. मग दोन, चार, आठ सेकंद बिनधास्त घ्या. पाणी दुधासारखं मऊ होतं आणि लाकूड मात्र रेघ न्‌ रेघ येतं. जुन्या नावेला हे फार शोभतं.

तिसरा मार्ग चिकाटीचा. बांधलेला डोंगा दोरी ताणली जाईपर्यंत जातो, क्षणभर थांबतो आणि परत येतो. त्या थांबण्याच्या क्षणी बटण. एकाला एक लागून दहा फोटो घ्या, एक नक्की बरा निघतो.

मोबाइलवर काढताना

आधी लेन्स पुसा. हसू नका, खिशातल्या घामानं धुरकटलेली लेन्स हे सांजवेळच्या निम्म्या फोटोंचं दुखणं आहे. मग आभाळाच्या उजळ भागाजवळ बोट दाबून धरा, प्रकाश आणि फोकस कुलूपबंद होतो, आणि सूर्याची खूण खाली ओढून उजेड थोडा कमी करा. मोबाइल अंधाराला घाबरून सगळं दिवसासारखं उजळ करतो, तिथंच सांज जाते. नाइट मोड बरेच फोटो एकावर एक रचून एक बनवतो. रेतीतल्या डोंग्याला उत्तम, तरंगत्याला घातक. झूम करण्यापेक्षा दहा पावलं पुढे चाला. प्रो मोड असेल तर वरचेच आकडे वापरा, फक्त मोबाइलच्या लेन्सचं छिद्र बहुतेक वेळा बदलत नाही, म्हणून सगळा खेळ आयएसओ आणि सेकंदांवर.

रंग

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा निळ्याला दोष समजून पुसतो. उन्हाच्या खुणेवर ठेवा आणि विसरून जा. रॉ फाइल (कॅमेऱ्यानं फेरफार न केलेली) घेता येत असेल तर घ्या, पुढे फेरफार करायला जागा राहते. लेन्सवर पोलरायझरची काच लावली असेल तर काढून ठेवा. तो पाण्यावरची चमक खातो आणि आपल्याला तर प्रतिबिंब हवं आहे. प्रतिबिंब आभाळापेक्षा नेहमी थोडं गडद असतं. घरी ते जबरदस्तीनं आभाळाइतकं उजळ केलं की फोटो खोटा वाटतो, का ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण वाटतो.

अंधार पडत आल्यावर एक गंमत करता येते. रेतीतल्या डोंग्यावर चार-आठ सेकंदांचा फोटो चालू असताना मोबाइलच्या टॉर्चनं बाजूनं, लाकडाला जवळजवळ समांतर उजेड फिरवा. समोरून मारलात तर सगळं सपाट. बाजूनं मारलात तर वाकसाच्या एकेका घावाला सावली पडते आणि डोंगा घडवणाऱ्याचा हात दिसायला लागतो. टॉर्चचा उजेड पांढराफटक असतो, म्हणून संक्रांतीच्या पतंगाचा पिवळा कागद त्याच्यावर धरा. एका जागी थांबू नका, चुना मारताना कुंचला फिरवतो तसा हात फिरता ठेवा. दोन-तीन सेकंद पुरतात. हा उजेड नदीत असलेल्यांच्या डोळ्यांवर मारू नका. ऑक्टोबरात उजेडावर किडे-पाखरं झुंबड करतात, तेव्हा हा प्रयोग डिसेंबरवर ढकला.

डिसेंबरात मग दव. नदीकाठी लेन्सवर बघता बघता धुकं धरतं. सुती रुमाल खिशात ठेवा, फोटो नसेल तेव्हा लेन्सवर टोपण. घरी आल्यावर थंडगार कॅमेरा एकदम चुलीच्या उबेत आणू नका, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तासभर ओसरीवर राहू द्या. थंडीत बॅटरी लवकर बसते, जास्तीची बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला.

पाणी आणि जनावर

बंदरावरचे लोक भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहतात, आपण धरण पाहायचं. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाला ३३ दारं आहेत. खालच्या गावांत पाणी कधी वाढेल ते रेतीवर बसून कळत नाही. काका सांगतात, "भोंगा वाजला का सामान सोड अन्‌ वर पळ. धरनातलं पानी इचारून नाही येत." नदीच्या मधल्या रेतीच्या बेटावर तर संध्याकाळी जाऊच नका, फोटो कितीही चांगला दिसत असला तरी. अंधारात परतीची वाट वेगळी दिसते. येतानाच एक-दोन खुणा धरून ठेवा.

ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीडकडच्या तलावांवर वाघाचा वावर आहे. तिथं सांजेला पाळीवर एकट्यानं कॅमेऱ्यात डोळा घालून बसू नये. दोघं जा, एकानं मागं पाहायचं. पायात बूट हवेतच, घोणस उन्हाच्या उबेला दगडावर पडून असते.

काय आत, काय बाहेर

मांडणीबद्दल माझं थोडकंच म्हणणं. काठावरचं प्लास्टिक आणि बेशरमची झुडपं फोटोत येतातच, थोडं खाली बसलात की बरीच जातात. फार खाली बसू नका, नाहीतर डोंग्याचं पोट दिसत नाही आणि उपसायचा डबा, जाळं, वल्हं सगळं लपतं. माझ्या मते कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि डोंगा थोडा तिरपा, एक टोक तुमच्याकडे, बरोबर बसतो. क्षितिज डोंग्याच्या काठाला चिकटू देऊ नका, मधे पाण्याची फट ठेवा. एक फोटो पूर्ण डोंग्याचा घेतलात की लगेच ठिगळाजवळ जा आणि तेवढंच काढा. बारा मिनिटांत दोनच गोष्टी नीट होतात.

काकांना मी मोठा फोटो छापून दिला, ए-४ आकाराचा. गुलाबी आभाळाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ठिगळावर बोट ठेवून घरात हाक मारली, "हा पत्रा पाय वं, आपल्या लग्नातल्या तेलाच्या डब्याचा." तेव्हापासून मी फाइलच्या नावात गाव, घाट, तारीख लिहितो आणि सोबत एका वहीत डोंग्याबद्दल मालकानं सांगितलेलं: किती लांब, कोणी कोरला, कुठं फुटला, कशानं बुजवला. लांबी मोजायला टेप नेत नाही. वल्ह्यानं मोजतो आणि वल्हं घरी येऊन मोजतो.